खुर्चीतला माणूस

आमच्या मामांनी आयुष्याची चौतीस वर्षं एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात काढली. त्यामुळे लग्न असो, दहावा असो की पेपरातला फोटो, मामा आधी खुर्च्या बघतात. कोण बसलंय, कोण उभं आहे, आणि उभा असलेला बसलेल्याच्या कानापासून किती अंतरावर आहे, एवढं दिसलं की बाकीची बातमी त्यांना वाचावी लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात मामा डोळे तपासायला नगरला आले. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पाट्या बदलल्यात, पण कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतो आणि मामा त्याच हाकेवर उतरतात. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले होते. दोन तास वाचायचं नाही, लांबचं जे अंधुक दिसेल ते बघायचं, असा हुकूम होता. मी लॅपटॉपवर स्नूकरचा एक जुना सामना लावून बसलो होतो. मामा शेजारी येऊन टेकले. हिरव्या कापडावर रंगीत ठिपके घरंगळत होते, तेवढं त्यांना दिसत होतं. थोड्या वेळाने त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

“ह्यो उभा हाय त्यो खेळतोय. आन् त्यो खुर्चीत बसलाय, त्यो चेअरमन का?”

“नाही मामा. तो हरतोय.”

मामा गप्प झाले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत म्हणाले, “हरतोय, तर मग खुर्चीत कसा?”

चौतीस वर्षांच्या अनुभवाला एका वाक्यात तडा गेला होता. त्यामुळे मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

स्नूकर हा दोघांचा खेळ, पण एका वेळी खेळतो एकच. बारा फूट बाय सहा फुटांचं टेबल, सहा खिसे आणि बावीस चेंडू : पंधरा लाल, सहा रंगीत आणि एक पांढरा. पांढऱ्याला काठीने टोला द्यायचा आणि त्याच्याकरवी बाकीच्यांना खिशात घालायचं. (“म्हंजे स्वतः नामानिराळं राहायचं,” मामा म्हणाले. त्यांना खेळ समजायला लागला होता.) आधी एक लाल, मग एक रंगीत, पुन्हा लाल, असं चालतं. लालचा एक गुण, काळ्याचे सात. चेंडू खिशात जात राहील तोवर तुमचीच पाळी. चुकलात की दुसरा उठतो. तोपर्यंत दुसऱ्याने काय करायचं? खुर्चीत बसायचं.

बाकीच्या खेळांत हरणाऱ्याला काहीतरी उद्योग असतो. कबड्डीत धापा टाकता येतात, क्रिकेटमध्ये चेंडूमागे धावता येतं, कुस्तीत निदान माती लागते. स्नूकरमध्ये माणूस कडक इस्त्रीचं जाकीट आणि गळ्याला बो घालून, थंडगार हॉलमध्ये पाण्याचा ग्लास जवळ ठेवून बसल्या बसल्या हरतो. त्याच्या हातात फक्त चेहरा असतो, आणि तो ‘माझं काही म्हणणं नाही’ अशा बेताने धरून ठेवायचा असतो. मुलीकडच्यांची बोलणी चालू असताना मुलाचा बाप जसा बसतो, थोडंफार तसंच.

आमच्या जिल्ह्यात हे कळायला अवघड जातं. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा, तालुके चौदा. १९५० साली प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला. तेव्हापासून इथे उसाच्या बरोबरीने खुर्चीचंही पीक निघतं. कारखाना, दूध संघ, पतसंस्था, बाजार समिती, सोसायटी, शाळेची कमिटी, यात्रेची कमिटी. जिथे टेबल आहे तिथे खुर्ची आहे, आणि जिथे खुर्ची आहे तिथे तिच्यामागे चौघं उभे आहेत. आमच्याकडे माणूस हरला की खुर्चीतून उठतो. स्नूकरमध्ये तो हरायला लागला की खुर्चीत बसतो. मामांची अडचण ही अशी मुळातलीच होती.

“बरं, हा कोण हरतोय?” मामांनी विचारलं.

हरत होता तो आपला मुंबईचा आदित्य मेहता. सामना होता ऑक्टोबर २०१३ मधला, दिल्लीत झालेल्या इंडियन ओपनची फायनल. जागतिक क्रमवारीचे गुण देणारी व्यावसायिक स्नूकरची स्पर्धा भारतात त्या वर्षी पहिल्यांदा भरली. ‘पहिल्यांदा’ म्हणताना जरा कसंसंच होतं, कारण हा खेळ जन्मला भारतातच.

१८७५ साली जबलपूरला, छावणीतल्या मेसमध्ये. पाऊस कोसळत होता आणि साहेबांना उद्योग नव्हता. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लेफ्टनंटने नेहमीच्या लाल-काळ्या चेंडूंच्या खेळात आणखी रंगीत चेंडू आणून टाकले. (छत्री घेऊन हिटलरला भेटायला गेलेले पंतप्रधान चेंबरलेन ते वेगळे.) इंग्लंडच्या वूलिच इथल्या लष्करी शाळेत पहिल्या वर्षाच्या पोरांना चेष्टेने ‘स्नूकर’ म्हणायचे. जबलपूरला कुणाचा तरी सोपा चेंडू हुकला, तेव्हा चेंबरलेन त्याला ‘स्नूकर’ म्हणाला, आणि मग या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत, असं म्हणून त्यानेच ते सावरून घेतलं. थोडक्यात, खेळाचं नावच मुळी ‘कच्चा लिंबू’. पुढे १८८२ मध्ये उटीच्या क्लबात नियम भिंतीवर लागले, मग खेळ विलायतेला गेला आणि तिकडे मोठा झाला. माहेरी मोठी स्पर्धा भरायला मात्र जन्मानंतर एकशे अडतीस वर्षं लागली. आमच्याकडे तालुक्याच्या कालव्यांना जो वेळ लागतो, त्या मानाने हे ठीकच म्हणायचं.

“छावणीत जन्मला म्हनतोस,” मामा म्हणाले, “मग छावनी तर आपल्या भिंगारलाबी हाय की इंग्रजापासून. आपल्याकडं का नाही निघाला?”

“पाऊस लागतो, मामा.”

मामांनी मान डोलावली. पर्जन्यछायेने आमचं काय काय नेलं याची यादी त्यांना पाठ आहे. त्या दिवशी तिच्यात स्नूकरची भर पडली. अवर्षणग्रस्त भागात साहेबाला मेसमध्ये कोंडून घालेल असा पाऊस पडलाच नाही. आमच्या वाट्याला गुरांच्या छावण्या आल्या, आणि त्यांत खेळ निघाले ते वेगळे.

तर दिल्ली. सुरुवातीच्या फेऱ्यांत सात फ्रेमचे, म्हणजे सात डावांचे सामने; आधी चार जिंकेल तो पुढे. पाहुणे म्हणून आलेली मंडळी जगभरच्या टेबलांवर पोट भरणारी, आणि आपली पोरं म्हणजे घरचं कार्य म्हणून पंगतीला बसलेली, असाच सगळ्यांचा अंदाज. पण आदित्य मेहता उठेचना. एकेक फेरी जात गेली आणि उपांत्य फेरीत त्याने स्कॉटलंडच्या स्टीफन मॅग्वायरला घरी पाठवलं. जागतिक क्रमवारीच्या स्पर्धेची फायनल गाठणारा तो पहिला भारतीय.

फायनलला समोर आला चीनचा डिंग जुनहुई. हा तेव्हा असा काही फॉर्मात होता की त्या एका मोसमात त्याने पाच क्रमवारी स्पर्धा जिंकल्या आणि स्टीफन हेन्ड्रीच्या १९९०-९१ च्या विक्रमाशी बरोबरी केली. फायनल नऊ फ्रेमची, आधी पाच जिंकेल त्याची. निकाल लागला पाच-शून्य.

हा आकडा वाचायला सोपा आहे. पण स्नूकरमधलं शून्य म्हणजे काय, हे खुर्चीला विचारावं. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेला निदान तंबूत जाऊन बॅट आपटू शकतो. इथे शून्यवाल्याला शेवटपर्यंत जागेवर बसून दुसऱ्याचे आकडे वाढताना बघायचे असतात, आणि शेवटी उठून हसतमुखाने हात मिळवायचा असतो.

“एक तरी फ्रेम द्यायची व्हती,” मामा हळहळले. “अविरोध निवडणुकीतबी माघार घेतलेल्याला एखादी कमिटी देत्यात.”

पण मला विचाराल तर त्या खुर्चीतल्या माणसाचं मला कौतुक वाटतं. तिथवर पोचायला किती खुर्च्यांतून उठावं लागलं असेल, ते दिसत नाही. दिसते ती शेवटची. शिवाय पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१४ मध्ये, जर्मनीतल्या एका स्पर्धेत याच मेहताने १४७ चा ब्रेक केला, म्हणजे पंधराही वेळा लालनंतर काळा आणि मग शेवटचे सगळे रंग ओळीने, एकाच पाळीत. व्यावसायिक स्पर्धेत हे करणारा तो पहिला भारतीय. आणि त्या वेळी खुर्चीत बसून बघणारा कोण होता? तोच तो मॅग्वायर. खुर्ची कुणाची कायमची नसते, हे वाक्य आमच्या जिल्ह्यात दर पाच वर्षांनी म्हटलं जातं. स्नूकरमध्ये ते दर पाच मिनिटांनी घडतं.

“आपल्याकडचं कुनी जगात पहिलं आलंय का?” मामांनी विचारलं.

मी म्हटलं, आलंय की. विल्सन जोन्स, जन्म १९२२ चा, पुण्याचा. १९५८ साली कलकत्त्याला बिलियर्ड्सची हौशी जागतिक स्पर्धा जिंकली, आणि कुठल्याही वैयक्तिक खेळातला भारताचा पहिला जगज्जेता झाला. १९६४ ला न्यूझीलंडमध्ये पुन्हा जिंकली. आणि आजचा पंकज अडवाणी, ज्याच्याकडे बिलियर्ड्स आणि स्नूकर मिळून पंचवीसहून जास्त जागतिक विजेतेपदं आहेत, तो वाढला बंगळुरात, पण जन्मला पुण्यातच.

“म्हंजे हेबी पुन्यालाच,” मामा म्हणाले, आणि नगरी माणसाने पुण्याविषयी सोडावा तेवढाच उसासा त्यांनी सोडला.

पुढचं मी झटपट सांगितलं. मार्च २०१५ मध्ये इंडियन ओपन मुंबईला आली. वेल्सच्या मायकेल व्हाइटने रिकी वॉल्डनला पाच-शून्य हरवून पहिलं क्रमवारी विजेतेपद मिळवलं. २०१६ ला हैदराबाद, अँथनी मॅकगिलने कायरन विल्सनवर पाच-दोन. २०१७ ला विशाखापट्टणम, जॉन हिगिन्सने त्याच मॅकगिलवर पाच-एक. २०१९ ला कोची, मॅथ्यू सेल्टने चीनच्या ल्यू हाओतियानवर पाच-तीन.

डोळ्यांतल्या थेंबांचा असर एव्हाना उतरत आला होता. मामांनी वर्तमानपत्राच्या समासात पाच आकडे मांडले : शून्य, शून्य, दोन, एक, तीन. खाली रेघ मारली. “पाच फायनलला हरनाऱ्यांच्या मिळून सहा फ्रेमी. सरासरी एक पूर्णांक दोन. पन कल वाढता हाय.” मग पेन खिशाला लावून त्यांनी ताळेबंदाचा निष्कर्ष सांगितला : “दिल्ली, मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम, कोची. दर खेपेला गाव नवं. म्हंजे आपल्या नगरला यायला हरकत नाही.”

हरकत खरोखर नव्हती. आम्ही दोघांनी तिथल्या तिथे नियोजन केलं. जागा : एखादं मंगल कार्यालय. तिथीचा मोसम टाळायचा. टेबलाच्या कापडाखाली पाटीचा जाड दगड असतो, वजन टनाच्या वर, तेव्हा ते वरच्या मजल्यावर न्यायचं नाही. पंच पांढरे हातमोजे घालून चेंडू उचलतात. आपल्याकडे लग्नातल्या बँडवाल्यांकडे ते मिळतात. घोडं अडलं ते शांततेशी. स्नूकरला टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता लागते. प्रेक्षकाचा फोन वाजला तर खेळाडू वाकलेला सरळ होतो आणि सगळा हॉल त्या प्रेक्षकाकडे वळून बघतो. नगरमध्ये फोन वाजला तर माणूस तो उचलतो आणि “हां, मॅचला बसलोय, बोला” असं मागच्या रांगेपर्यंत कळवतो.

त्याहून मोठा प्रश्न उद्घाटनाचा. स्नूकरच्या हॉलमध्ये टेबलाजवळ दोनच खुर्च्या असतात, खेळाडूंच्या. आमच्या कार्यक्रमात पहिल्या दोन खुर्च्यांवर कोण बसेल, हे मी लिहायला नको. एक अध्यक्ष, एक प्रमुख पाहुणे. सत्कार, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक. ‘दोन शब्द’ बोलायला उठलेले आठ जण. आणि तोवर डिंग जुनहुई आणि आदित्य मेहता काठ्या घेऊन भिंतीला टेकून उभे. मामांच्या जुन्या हिशेबाने बघाल तर तेव्हा कुठे चित्र बरोबर दिसलं असतं : हरणारे-जिंकणारे दोघंही उभे, आणि खुर्चीत चेअरमन.

स्नूकरचे डावपेच मात्र मामांना समजवावे लागले नाहीत. मी म्हटलं, कधी कधी चेंडू घालता येत नाही, तेव्हा पांढरा अशा जागी नेऊन ठेवायचा की समोरच्याला हवा तो चेंडू सरळ दिसूच नये, मधे दुसराच आडवा यावा. याला ‘स्नूकर करणं’ म्हणतात. “कळलं,” मामा म्हणाले, “त्याच्याच नावाचा दुसरा उमेदवार उभा करायचा.” मी म्हटलं, कधी काहीच साधत नसेल तर पांढरा चेंडू हळूच लांबच्या कडेला नेऊन ठेवायचा; ना आपल्याला फायदा, ना त्याला. याला सेफ्टी म्हणतात. “चौकशी समिती.” आणि नेमलेल्या चेंडूला पांढरा लागला नाही, आणि तो लावायचा नीट प्रयत्नच केला नाही असं पंचाला वाटलं, तर समोरचा चेंडू पहिल्या जागी ठेवायला सांगून तोच टोला पुन्हा मारायला लावू शकतो, पुन्हा चुकला तर पुन्हा. “त्रुटीपूर्तता,” मामा म्हणाले. “फाइल परत.”

एकाच नियमाशी ते अडखळले. चुकून अंगाचा, बाहीचा, बोटाचा स्पर्श एखाद्या चेंडूला झाला तर तो फाउल. समोरच्याला किमान चार गुण. पंचाला दिसलं तर पंच सांगतो. दिसलं नाही तर खेळाडू स्वतः सांगतो.

“स्वतः?”

“स्वतः, मामा. थांबतो, हात वर करतो, माझा फाउल म्हणतो, आणि खुर्चीत जाऊन बसतो.”

“कुनी बघितलेलं नसताना?”

“नसताना.”

मामांनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं. मग लॅपटॉपचं झाकण त्यांनीच लावलं. “हे काय मला पटलं नाही,” म्हणाले. “उद्या दावखान्यातून येताना कुठं खेळत्यात ते दाखव.”

सावेडीत एका गाळ्यात तसं एक पार्लर आहे. पुढे पूलची दोन छोटी टेबलं, मागे एक मोठं स्नूकरचं, कापडाला चहाचा एक जुना डाग, आणि काठ्या उन्हाळ्यात वाकतात म्हणून सरळ कुठली हे जाणकार गिऱ्हाईक आधी टेबलावर घरंगळवून बघतं. इथला नियम देशभरच्या पार्लरांतला : टेबलाचे पैसे हरणाऱ्याने द्यायचे. दिल्लीच्या फायनलमध्ये हरणाऱ्यालाही बक्षीस मिळालं. सावेडीत हरणारा बक्षीस देतो. हौशी आणि व्यावसायिक यांतला फरक मला आजवर एवढाच कळलाय.

मामांनी टोपी सारखी केली आणि काठी हातात घेतली, ती मोजणीच्या साखळीसारखी. पहिले चार टोले पांढऱ्याला नीट लागलेच नाहीत. पाचवा लागला, आणि एक लाल चेंडू, ज्याकडे मामांचं लक्षही नव्हतं, कोपऱ्यात जाऊन पडला. कॉलेजची पोरं “वा काका!” म्हणाली. मामांनी ते आपण योजलंच होतं अशा चेहऱ्याने स्वीकारलं. त्यानंतर पाऊण तास आम्ही खेळ या शब्दाचा अवमान करत राहिलो. मीही काही कमी कच्चा लिंबू नाही. पाळी माझी असली की मामा भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे, आणि मला जाणवायला लागलं की ते तिथे फार छान बसतात. ताठ, दोन्ही हात काठीवर, चेहऱ्यावर काहीही नाही. चौतीस वर्षं कुणाच्या तरी खुर्चीमागे उभ्या राहिलेल्या माणसाला पहिल्यांदाच बसायला मिळालं होतं.

शेवटी शेवटी गुण बरोबरीच्या आसपास आले. मामा गुलाबी चेंडूसाठी टेबलावर ओणवे झाले. त्यांनी टोला मारला, गुलाबी हुकला. मी चहावाल्याशी बोलत होतो. पोरं आपल्या मोबाइलमध्ये होती. मी उठायला लागलो तर मामा तसेच वाकलेले.

“थांब,” म्हणाले. “सदऱ्याची बाही लागली. काळ्याला.”

“कुणी बघितलं नाही, मामा. जाऊ द्या.”

“मीबी तेच म्हनत व्हतो मनात,” मामा म्हणाले. “पन हे टेबल फार हिरवं हाय रे. डाग दिसतो.”

फाउल काळ्यावरचा, पण आमच्या पार्लरात चारच धरतात. ते चार माझ्या खात्यात पडले, आणि फ्रेम संपली तेव्हा फळ्यावर एक्केचाळीस-अडतीस होतं. हिशेब खात्यातल्या माणसाला ते चार वजा करायला वेळ लागला नाही : बाही लागली नसती, म्हणजे लागली हे सांगितलं नसतं, तर मामा एका गुणाने जिंकले असते. ते पुन्हा त्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले, मिनिटभर, कुणी सांगितलेलं नसताना.

मग उठून त्यांनी माझा हात हातात घेतला, अगदी पडद्यावर बघितला होता तसा.

“कारखान्यावर कुनाला सांगू नकोस,” म्हणाले.

टेबलाचे पैसे त्यांनीच दिले.